वळणावरचा ब्रेक आणि सरळ रस्त्यावरचा ब्रेक

प्रश्न : माझं वय ४२. गेली तीन वर्षं हौसेने ट्रायथलॉन करतो. या वेळची ऑलिम्पिक अंतराची शर्यत (दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं) तीन तासांच्या आत संपवायची म्हणून आठ महिने पहाटे साडेचारला उठलो. शर्यतीच्या आदल्या रात्रीपासून पाऊस लागला तो थांबलाच नाही. पोहणं ठीक झालं, ३८ मिनिटं. सायकलच्या पहिल्याच फेरीत एका वळणावर माझ्या पुढचा स्पर्धक घसरला आणि रस्त्यावर आडवा झाला. मार्शल धावत आले, मी पुढे गेलो. त्यानंतर माझी बोटं ब्रेकवरून हललीच नाहीत. ४० किलोमीटरला १ तास ४१ मिनिटं लागली. सरावात मी तेवढं १ तास २० मिनिटांत करतो. सायकल लावल्यावर हेल्मेटचं बक्कल बोटांनी निघेना. गेलेला वेळ भरून काढायला धावताना सुरुवातीलाच जोर लावला आणि तिसऱ्या किलोमीटरनंतर पायांचं लाकूड झालं. एकूण वेळ ३ तास ३३ मिनिटं. ग्रुपमधला माझा जवळचा मित्र सगळ्यांसमोर म्हणाला, "पाय तयार होते, छाती नव्हती." त्याला आता तीन आठवडे झाले. सायकलला हात लावलेला नाही. मेडल अजून बॅगेतच आहे. अकरा आठवड्यांनी दुसरी शर्यत आहे. मी भित्रा आहे का? आणि नाव नोंदवू का? शर्यतीची सायकल आणि धावण्याची नोंद असलेली फाइल, सरावाच्या फाइलींसह, सोबत पाठवतो आहे.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि फाइल चार वेळा उघडली. फाइल पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण तुमचं पत्र एक सांगतं आणि फाइल थोडं वेगळं सांगते. पत्र म्हणतं, 'मी घाबरलो आणि शर्यत घालवली.' फाइल म्हणते, या माणसाने एका ठिकाणी अगदी बरोबर केलं आणि दुसऱ्या ठिकाणी चुकला, पण घरी आल्यावर त्याने दोन्हींची एकच मोट बांधली. ती मोट आज सोडवू.

आधी वळणं. तुमचा मार्ग दहा किलोमीटरच्या चार फेऱ्यांचा होता आणि प्रत्येक फेरीत सहा वळणं होती, दोन यू-टर्न धरून. म्हणजे एकूण चोवीस. मी प्रत्येक वळणाचा वेग पाहिला. तुम्ही वळणाच्या बरंच आधी वेग उतरवलात, वळून झाल्यावर पुन्हा चढवलात आणि कोरड्या दिवसाच्या मानाने एका वळणामागे फार तर दहा सेकंद जास्त घेतलेत. चोवीस गुणिले दहा, म्हणजे चार मिनिटं. वारा, साचलेलं पाणी, पडलेल्या माणसाजवळ झालेली गर्दी यांना हात सैल सोडून आणखी पाच मिनिटं देऊ. नऊ झाली. सायकलवर तुमची एकवीस मिनिटं गेली आहेत. उरलेली बारा कुठे गेली?

सरळ रस्त्यावर. तिथे ना वळण होतं, ना उतार. तो माणूस पडण्याआधीच्या सात किलोमीटरमध्ये तुमची पॉवर, म्हणजे पेडलवर लावलेला जोर, साधारण १६५ वॅट आहे, सरावातल्या १७० च्या अगदी जवळ. त्यानंतरच्या तेहतीस किलोमीटरमध्ये, वळणं वगळून फक्त सरळ पट्टे पाहिले तर ११८. पाय तेच होते, रस्ता तोच होता, पाऊसही तोच. वळणासाठी दाबलेला ब्रेक तुम्ही मनातून सरळ रस्त्यावरही सोडला नाहीत.

वळणावरच्या चार मिनिटांबद्दल मला तुमचं मनापासून कौतुक करायचं आहे, आणि हे समजूत घालायला म्हणून लिहीत नाही. सायकल वळते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर. चांगल्या कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ढोबळमानाने ०.७ धरा, ओल्यावर तो ०.४ पर्यंत उतरू शकतो. पंधरा मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर ०.७ वर ते जास्तीत जास्त ताशी ३६ किलोमीटरने पार होतं. ०.४ वर हीच मर्यादा २७ च्या आसपास येते. रस्त्यावरचा पांढरा-पिवळा रंग, गटाराचं लोखंडी झाकण, ओली पानं यांच्यावर त्याहूनही कमी. बऱ्याच दिवसांनी पाऊस पडला असेल तर रस्त्यावर साचलेलं तेल, धूळ आणि टायरचं झिजलेलं रबर पहिल्या सरींत वर येऊन आणखी निसरडं होतं. मर्यादेच्या अलीकडे आपण सायकलवर असतो आणि पलीकडे गेलो की रस्त्यावर. मधे जागा नसते. छाती किती इंचांची आहे याचा त्या घर्षणांकाशी काही संबंध नाही.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २७ जुलै २०२४ रोजी सायकलची वैयक्तिक टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत, पावसात झाली. अमेरिकेची टेलर निब त्यात उतरली होती. ती मुळात ट्रायथलीट, आणि आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या अर्ध्या अंतराची त्या वेळची जगज्जेती. जगात ट्रायथलीट म्हणून सायकलवर तिच्यापेक्षा भारी बाई शोधायला दिवस लागेल. त्या ओल्या रस्त्यांवर ती एकदा नाही, अनेकदा पडली. त्याच शर्यतीत तिच्याच देशाची सायकलपटू क्लोई डायगर्टही पडली, तरी तिला कांस्य मिळालं. या बायकांकडे कौशल्य कमी होतं का? त्या पदकासाठी मर्यादेच्या काठावरून चालवत होत्या आणि त्याची किंमत त्यांना ठाऊक होती. २०१९ च्या इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या जागतिक सायकल स्पर्धेत पुरुषांच्या रोड रेसच्या दिवशी इतका पाऊस होता की मार्ग छोटा करावा लागला, आणि सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त व्यावसायिक सायकलपटू शेवटपर्यंत पोहोचलेच नाहीत. सायकल चालवणं हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा, त्यांची ही गोष्ट. तुम्हाला त्या दिवशी काठावरून जाण्याचं काही कारण नव्हतं. सोमवारी कामावर जायचं होतं आणि घरी माणसं वाट पाहत होती.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तुमच्या मित्राचं वाक्य वाचून मला तीच आठवली. माझ्या चौथ्या शर्यतीत असाच पाऊस होता. हँडलच्या मधोमध मी चिकटपट्टी लावून त्यावर वेळ लिहिली होती, १ तास २२ मिनिटं. शेवटचे सहा किलोमीटर उरले होते आणि मी त्या आकड्याच्या मागे चाळीस सेकंद होते. एका चौकात डावीकडे वळताना पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यावर गेलं. पट्टा मला दिसला होता. मी मनात 'चालेल' म्हटलं होतं, ते अजून आठवतं. पुढचं आठवतं ते गालाखालचं ओलं डांबर आणि गळपट्टीच्या हाडातून आलेला आवाज. नऊ आठवडे पोहणं बंद, हात गळ्यात, केस विंचरायला दुसऱ्याचे हात. आणि दवाखान्यात भेटायला आलेले सगळे म्हणत होते, काय जिगर आहे! मला ते ऐकताना लाज वाटत होती. मी त्या वळणावर काही धाडस केलं नव्हतं. मी रस्त्याकडे पाहायचं सोडून आकड्याकडे पाहिलं होतं. तुम्ही रस्त्याकडे पाहिलंत आणि तुम्हाला भित्रा म्हणतात. हा हिशोब मला कधीच पटलेला नाही.

तुमचा मित्र त्या वळणावर तुमच्या जागी नव्हता. त्याच्याशी भांडू नका, पण ते वाक्य गिळूनही टाकू नका. तो जवळचा आहे म्हणता, तर एकटा गाठून सरळ सांगा, "तू सगळ्यांसमोर जे बोललास ते मला लागलं. माझ्यासमोर माणूस पडला होता." एवढंच पुरे. पुष्कळदा अशा माणसाला तो माणूस पडल्याचं माहीतच नसतं, निकालाच्या यादीतला आकडा तेवढा त्याने पाहिलेला असतो.

आता जिथे तुम्ही चुकलात त्याकडे वळते. ते सोडून दिलं तर अकरा आठवड्यांनी पुन्हा असंच पत्र याल घेऊन.

सरळ रस्त्यावर ११८ वॅटवर आलात त्याचा परिणाम फक्त घड्याळावर झाला नाही. सायकल चालवताना शरीर जितकी ऊर्जा जाळतं तिचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत जातो, बाकीची उष्णता होते. १७० वॅटने पेडल मारणारा माणूस ५०० ते ६०० वॅटची शेगडी अंगात घेऊन चाललेला असतो. तुम्ही ११८ वर आलात तेव्हा शेगडी ३५०-४०० च्या घरात आली. बाहेर पाऊस, अंगाला चिकटलेला ओला ट्रायसूट (तिन्ही टप्प्यांत घालायचा पातळ पोशाख) आणि वरून वेगाचा वारा. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. आग मंद आणि घर उघडं, अशी अवस्था झाली. शरीर अशा वेळी पोटा-छातीतली ऊब राखण्यासाठी हातापायांकडचं रक्त आखडतं. म्हणून बोटं बधिर झाली. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला जातोय ते कळत नाही. ते कळेना की भीती वाढते, भीती वाढली की पाय आणखी मंदावतात. हेल्मेटचं बक्कल निघालं नाही तो या साखळीचा शेवटचा दुवा होता. सरळ रस्त्यावर १६० वॅटने पेडल मारले असते तर वळणांवरही तुम्ही जास्त सुरक्षित असता, हे मला तुम्हाला सगळ्यात ठासून सांगायचं आहे. त्या दिवशी जोर लावणं आणि सांभाळून चालवणं या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या मदतीला होत्या. तुम्हाला वाटलं की त्यांतली एकच निवडायची आहे.

फाइलमध्ये आणखी एक गोष्ट दिसत नाही, पण मी पैजेवर सांगते. सायकलवर तुम्ही काही खाल्लं नसणार. ऊर्जेसाठी घ्यायची जेल खिशातच राहिली असणार, कारण हँडलवरचा हात उचलायची भीती वाटत होती. १०१ मिनिटं रिकाम्या पोटी, त्यात कुडकुडणं. कुडकुडणं म्हणजे स्नायूंचंच काम, ते ग्लायकोजन, म्हणजे स्नायूंत साठलेलं इंधन, भराभर संपवतं. मग धावायला उतरलात आणि पहिले दोन किलोमीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या चालीने गेलात. सरावात तुमची दहा किलोमीटरची चाल साडेपाचची आहे. गार पडलेले पाय, रिकामी टाकी, आणि ठरवल्यापेक्षाही वेगवान सुरुवात. तिसऱ्या किलोमीटरला पायांचं लाकूड होणारच होतं. तरीही तुम्ही १ तास ४ मिनिटांत ते अंतर संपवलंत. शेवटचे सात किलोमीटर कसे गेले असतील याची मला कल्पना आहे. पत्रात तुम्ही त्यांबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. मी तुमच्या जागी असते तर मेडल त्या सात किलोमीटरांसाठी बॅगेतून काढलं असतं.

मग खरी चूक कोणती? तीन तासांचा आकडा. तो आकडा तुम्ही कोरड्या दिवसासाठी आठ महिने घडवला होता. सकाळी खिडकीबाहेर पाऊस दिसला तेव्हा तो बदलायला हवा होता. तुम्ही तो तसाच मनात ठेवलात, सायकलवर तो हातातून सुटलेला पाहिलात आणि धावताना त्याच्यामागे लागलात. ट्रायथलॉनमध्ये तर वेळेची तुलना कोरड्या दिवशीही जपूनच करावी लागते. पाण्याचा प्रवाह, चढ, वारा, ट्रान्झिशनची (एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना सामान बदलायची) जागा, काहीच एका शर्यतीसारखं दुसऱ्या शर्यतीत नसतं. पावसात तर ती तुलना पूर्ण निरर्थक होते. निकालाच्या यादीत तुमच्या वयोगटातल्या मधल्या माणसाला किती लागले ते पाहा, मागच्या वर्षी मधल्या माणसाला किती लागले होते तेही पाहा. किती जणांच्या नावापुढे डीएनएफ, म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही, असं आहे ते मोजा. दिवस किती महाग होता ते त्या यादीतून कळेल.

पुढच्या वेळी शर्यतीच्या आदल्या दिवशी कागदावर तीन ओळी लिहा. पहिलीत कोरड्या दिवसाचा वेळ. दुसरीत ओल्या दिवसाचा, त्यात सायकलला निदान दहा मिनिटं जास्त. तिसरीत, काय झालं तर मी उतरणार. ही तिसरी ओळ घरी, कोरड्या डोक्याने लिहायची, कारण गारठलेल्या मेंदूला निर्णय जमत नाहीत. माझ्या कागदावर असं असतं : दोन्ही हातांनी ब्रेक पूर्ण दाबता आला नाही तर, वॉलंटियरशी बोलताना जीभ जड वाटली तर, थंडी असूनही कुडकुडणं थांबलं तर, विजा कडाडत असल्या तर, किंवा रस्त्यावरच्या पाण्याचा तळ दिसत नसेल तर मी थांबेन. जीभ जड होणं आणि कुडकुडणं थांबणं ही शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरत असल्याची लक्षणं असू शकतात. तिथे पुढचा किलोमीटर हा विषयच राहत नाही, तिथे कोरडे कपडे, ब्लँकेट आणि डॉक्टर हवेत. तुमचं बक्कल निघेना तेव्हा तुम्ही त्या ओळीच्या फार दूर नव्हतात. त्या क्षणी कोणीतरी तुम्हाला दोन मिनिटं आडोशाला बसवायला हवं होतं.

सामानाबद्दल थोडक्यात. पहिल्या ट्रान्झिशनमध्ये पातळ जॅकेट आणि हातमोजे चढवायला मिनिटभर लागतं आणि ओल्या दिवशी ते मिनिट परत मिळतं. टायरचं प्रेशर नेहमीपेक्षा पाच-दहा पीएसआय कमी ठेवा, म्हणजे रबर रस्त्याला जास्त टेकेल. टायरवरच्या नक्षीच्या मागे लागू नका. सायकलचा टायर इतका अरुंद आणि घट्ट असतो की तो आपल्या वेगाला गाडीच्या टायरसारखा पाण्यावर तरंगत नाही, पकड ठरते रबराच्या प्रतीवर आणि हवेच्या दाबावर. तुमचे ब्रेक रिमवरचे असतील तर ओल्यात पहिलं अर्धं-एक चक्कर ते नुसतं पाणी पुसतात आणि मग पकडतात, तेव्हा वळणाच्या आधीच एकदा हलकेच लावून रिम पुसून घ्या. डिस्क ब्रेक असतील तर ते लगेच पकडतील, पण टायरची पकड तीच आहे हे विसरू नका. डिस्कवाले घसरतात ते बहुधा याच भरवशावर. आणि चष्म्याची काच काळी नको, पारदर्शक घ्या.

खरं काम मात्र सरावाचं आहे, आणि त्यावर मी जास्त शब्द खर्च करणार आहे. तुम्ही आठ महिन्यांत पावसात किती वेळा सायकल काढलीत? फाइलींच्या यादीवरून मला एकही दिसली नाही. पाऊस पडला की घरात, सायकल जागच्या जागी चालवायच्या ट्रेनर स्टँडवर. मीही कित्येक वर्षं हेच केलं. मग शर्यतीच्या दिवशी ओल्या रस्त्यावर आपलं शरीर पहिल्यांदाच उभं राहतं आणि ते हातात असलेलं एकच उत्तर देतं, ब्रेक. या उत्तराला दोष देऊन उपयोग नाही, त्याला दुसरी उत्तरं शिकवावी लागतात.

एखादं मोकळं, गाड्या नसलेलं पक्कं आवार शोधा. पाऊस नसेल तर एका कोपऱ्यात बादल्यांनी पाणी ओता. ताशी दहा-बारा किलोमीटरने सुरुवात करा. सरळ जाताना ब्रेक लावा, वळायच्या आधी पूर्ण सोडा, आणि वळताना ब्रेकला हात लावूच नका. टायरकडे पकड मोजकीच असते. ती वळण्यात खर्च होत असताना ब्रेकनेही मागितली तर पुरत नाही. तुमच्या पुढचा माणूस पडला तो बहुधा इथेच, वळणाच्या पोटात ब्रेक दाबून. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, त्यावर सगळं वजन. नजर चाकासमोर नको, वळण जिथे संपतं तिथे. आधी डावीकडे वीस वेळा, मग उजवीकडे वीस वेळा. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते. हात एरोबारवरून (हँडलपुढच्या, कोपरं टेकवायच्या दांड्यांवरून) वळणाच्या बरेच आधी खाली ब्रेकवर यायला हवेत, तेही पाठ करा.

आणि मग दुसरा अर्धा भाग, जो तुमच्यासाठी पहिल्याहून महत्त्वाचा आहे. वळण संपलं, सायकल सरळ उभी झाली, की तोंडाने मोठ्याने म्हणा, "सोडलं." बोटं ब्रेकवरून उचला, हँडल धरा आणि पाच जोरदार पेडल मारा. प्रत्येक वेळी. ऐकायला वेडगळ वाटेल, पण माझं गळपट्टीचं हाड जुळल्यावर मी ओल्या रस्त्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा मला हेच शिकवलं गेलं आणि मी आजही म्हणते. भीती वळणाची असते, तिला वळणावरच ठेवायचं. सरळ रस्ता आला की तिचं काम संपतं, हे शरीराला कोणीतरी सांगावं लागतं. असा सराव आठवड्यातून एकदा, अर्धा तास, सहा आठवडे करा. त्यानंतर पावसात एक पूर्ण ४० किलोमीटर, कोणाशीही शर्यत न लावता, दर वीस मिनिटांनी काहीतरी खात.

आणि तो पडलेला माणूस. पत्रात त्याच्यावर तुम्ही दोन वाक्यं लिहिलीत आणि मला वाटतं सगळं पत्र त्याच्याभोवतीच फिरतं आहे. 'मार्शल धावत आले, मी पुढे गेलो.' तुम्ही पुढे गेलात ते बरोबर केलंत. त्याच्याजवळ माणसं पोहोचली होती आणि निसरड्या वळणावर तुम्ही थांबला असतात तर मागून येणारे तुमच्या दोघांवर आदळले असते. पण शरीर हा हिशोब मानत नाही. त्याला फक्त दिसतं की माणूस पडला आणि आपण निघून गेलो. आयोजकांना एक साधा निरोप पाठवा : पहिल्या फेरीत अमुक वळणावर जो स्पर्धक पडला तो आता कसा आहे? नाव-गाव नको, एवढंच कळवा. बरं उत्तर आलं तर तुमचा अर्धा भार उतरेल. वाईट आलं तरी रात्री डोळ्यांसमोर जे येतं त्याला निदान शेवट मिळेल. ते दृश्य अजूनही झोपू देत नसेल, रस्त्यावर नुसतं चालतानाही अंग आकसत असेल, आणि महिना उलटूनही कमी होत नसेल, तर समुपदेशकाकडे जा. खांदा दुखला तर फिजिओकडे जाता, तसंच.

नाव नोंदवायचं का? माझं मत : आत्ता नोंदवू नका. सहा आठवडे वर सांगितलेला सराव करा आणि मग ठरवा. तोवर नोंदणी बंद झाली तर जाऊ द्या, पुढची येईल. लंडनमध्ये २०१२ साली अमेरिकेची ट्रायथलीट ग्वेन जॉर्गेनसन हिच्या सायकलचा टायर पंक्चर झाला आणि ऑलिम्पिकमध्ये ती अडतिसावी आली. सुवर्ण मिळालं ते चार वर्षांनी, रिओमध्ये. तुमच्यापुढे तर चार वर्षांचं चक्रही नाही, फक्त पुढची शर्यत आहे. आणि नोंदवलंत तर पहिल्या ओळीत तीन तास लिहायला माझी काहीच हरकत नाही. तुमचे पाय त्या वेळाचे आहेत, पहिल्या सात किलोमीटरमध्ये ते स्वच्छ दिसतं.

आज एक काम मात्र नक्की करा. सायकल तीन आठवडे तशीच उभी आहे म्हणता, म्हणजे ओल्या शर्यतीनंतर ती पुसलेलीही नसणार. साखळी गंजायला लागली असेल. ती घासून, कोरडी करून तेल द्या. ब्रेकचे पॅड काढून पाहा, ओल्या रस्त्यावरची वाळू त्यांत रुतून बसते आणि पुढच्या वेळी रिम किंवा डिस्क ओरबाडते. दोन्ही टायर बोटांनी गोल फिरवत तपासा. पावसाच्या पाण्याबरोबर काचेचे बारीक तुकडे रबरात शिरतात आणि लगेच दगा देत नाहीत, पंधरा दिवसांनी देतात. सापडले तर पिनेने काढा. बॅगही उघडा, ट्रायसूट आणि बूट उन्हात टाका. मेडलची रिबन ओलीच गुंडाळली असेल तर तिला बुरशी धरली असेल. ती कोमट पाण्यात साबणाने धुवा आणि वाळत घाला.